कोळंबीला लस नसते: व्हाइट स्पॉटने शिकवलेला शेजारधर्म

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. ऐकताना निसटलेली नावं आणि सालं इथे निवांत वाचता येतील.)

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करूया. कोंबडीला लस असते. गाई-म्हशींना असते. आपल्याला तर असतेच, २०२१ चं सर्टिफिकेट अजून मोबाइलच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडलेलं असेल. मग कोळंबीला लस का नसते?

प्रश्न गमतीचा वाटतो. पण तैवान, चीन, थायलंड आणि आपला आंध्र प्रदेश, या सगळ्यांचा गेल्या चाळीस वर्षांतला एक मोठा आर्थिक इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. त्यात बुडालेली कर्जं आहेत, सुप्रीम कोर्टाचा एक गाजलेला निकाल आहे, एक गांधीवादी जोडपं आहे आणि शेवटी एका गावातल्या काही शेतकऱ्यांनी शोधलेलं उत्तरही आहे. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. पण ही गोष्ट वाचत गेलो तेव्हा वाटलं, अरे, ही तर एका मोठ्या नेटवर्कची गोष्ट आहे. फक्त इथे वायर नाही, पाणी आहे.

आठवण नसलेलं शरीर

आधी उत्तर देऊन टाकतो. लस म्हणजे काय? शरीराला शत्रूचा फोटो आधीच दाखवून ठेवणं. पुढे खरा शत्रू आला की शरीर त्याला ओळखतं आणि त्याच्यासाठी बनवलेल्या अँटिबॉडी सोडतं. आपण, कोंबडी, गाय, अगदी मासासुद्धा पाठीचा कणा असलेले प्राणी. आपल्याकडे ही सोय आहे. कोळंबी कणा नसलेली. तिच्या शरीरात अँटिबॉडी तयारच होत नाहीत. तिला संरक्षण आहे, पण ते सरसकट. समोर येईल त्याच्यावर तुटून पडणारं. कोण येऊन गेलं याची पक्की नोंद ते ठेवत नाही. त्यामुळे आपल्यासारखी लस तिला लागू पडत नाही. संशोधन चालू आहे, पण तळ्यावर नेऊन वापरावी अशी लस आजही शेतकऱ्याच्या हातात नाही.

आता यात संख्येचा प्रश्न मिसळा. एक हेक्टरचं तळं म्हणजे दहा हजार चौरस मीटर. चौरस मीटरला दहा पिल्लं सोडली तरी एका तळ्यात एक लाख कोळंबी. गोठ्यातली आजारी गाय तुम्ही बाजूला बांधू शकता. लाखातली एक आजारी कोळंबी कशी शोधणार? ती तळाशी असते, पाणी गढूळ असतं. आणि ती मेली की तिच्या धडधाकट बहिणी तिला खातात. म्हणजे मेलेली कोळंबी हाच पुढचा डोस.

म्हणून या धंद्यात एक नियम आपोआप तयार होतो. औषध रोगानंतर नाही, रोगाआधी. तळं कसं सुकवलं, पाणी कसं गाळलं, बीज कुठून आणलं, किती सोडलं, किती खाऊ घातलं, हीच काय ती लस. पण हा नियम माणसाला सहजासहजी कळला नाही. त्यासाठी देशच्या देश बुडावे लागले.

जपानची टाकी, तैवानची लाट

कोळंबीची आधुनिक शेती सुरू होते जपानमध्ये. मोतोसाकु फुजिनागा नावाच्या शास्त्रज्ञाने १९३४ साली कुरुमा जातीच्या कोळंबीची अंडी टाकीत उबवून दाखवली. तोपर्यंत कोळंबी म्हणजे समुद्राने द्यायची आणि माणसाने पकडायची. फुजिनागांची खरी डोकेदुखी पुढे होती. अंड्यातून निघालेलं पिल्लू दर काही तासांनी रूप बदलतं, आणि रूप बदललं की त्याचं खाणंही बदलतं. कुठल्या टप्प्यावर कुठलं शेवाळ द्यायचं हे शोधण्यात त्यांची अनेक वर्षं गेली. १९४२ मध्ये त्यांनी हे काम सविस्तर छापलं. कोळंबी संवर्धनाचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

पुढचा टप्पा तैवान. तिथल्या आय-च्यू ल्याओ यांनी १९६८ मध्ये टायगर कोळंबीचं बीज प्रयोगशाळेत तयार केलं. टायगर म्हणजे मोठी, पट्टेवाली, भाव खाणारी. जपानी गिऱ्हाईक तयारच होतं. हॅचरी आल्या, तयार खाद्य आलं, पाण्यात हवा घुसळणारे एरेटर आले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तैवान जगात कोळंबी पिकवण्यात सगळ्यात पुढे होता.

आणि १९८८ मध्ये सगळं कोसळलं. एका वर्षात उत्पादन निम्म्याच्या आसपास घसरलं. संशय गेला एका विषाणूवर, मोनोडॉन बॅक्युलोव्हायरसवर. पण गंमत बघा, हा विषाणू आधीही तिथे होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शास्त्रज्ञांनी तो पाहिला होता. मग कोळंबी १९८८ मध्येच का मेली? कारण मधल्या काळात तळी दाट झाली होती. पाणी तेच, एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं. खारं पाणी पातळ करायला जमिनीतून गोडं पाणी इतकं उपसलं गेलं की पिंगतुंग भागातल्या किनाऱ्यावरची जमीनच खचत गेली. अशा ताणात जगणाऱ्या कोळंबीला विषाणूने फक्त शेवटचा धक्का दिला.

हा धडा तिथेच शिकता आला असता. पण तैवान बुडाला तेव्हा बाकीच्यांना त्यात संधी दिसली. बाजार रिकामा झाला होता ना!

पांढरे ठिपके

१९९२ च्या सुमारास तैवान आणि चीनच्या किनाऱ्यावर एक नवा रोग दिसला. कोळंबी खाणं सोडते, तळ्याच्या काठाला येते, अंग लालसर होतं आणि कवचाच्या आतल्या बाजूने मिलिमीटरभर आकाराचे पांढरे ठिपके उमटतात. तीन ते दहा दिवसांत तळं रिकामं. नाव पडलं व्हाइट स्पॉट.

१९९३ मध्ये चीनचं कोळंबी उत्पादन निम्म्याहून खाली आलं. त्याच वर्षी चीनमधून आणलेल्या बीजाबरोबर हा रोग जपानमध्ये पोचला. १९९४ मध्ये थायलंड आणि १९९४ च्याच अखेरीस भारताचा पूर्व किनारा. १९९९ मध्ये पॅसिफिक ओलांडून इक्वेडोर. नकाशावर तारखा लावून बघितल्या की कळतं, हा प्रवास प्रवाहांचा कमी आणि व्यापाराचा जास्त आहे. बीजाच्या पिशव्या आणि गोठवलेला माल जिथे गेला, तिथे विषाणूही गेला.

माणसाला हा विषाणू काही करत नाही, हे आत्ताच सांगतो, नाहीतर कोणीतरी रविवारचं जेवण रद्द करेल. पण खेकडे, शेवंड, जंगली कोळंबी अशा कवचवाल्या जवळजवळ सगळ्यांमध्ये तो राहू शकतो, आणि त्यांतले बरेच जण आजारी न पडता त्याला घेऊन फिरतात. बांधावरून तुरुतुरु चालत एका तळ्यातून दुसऱ्यात जाणारा खेकडा म्हणजे या रोगाचा डिलिव्हरी बॉय.

नेल्लोर: सोन्याची खाडी

आता आपल्या देशात येऊया. १९९१ नंतरचा भारत. परकीय चलन हवंय, निर्यात हवीय. कोळंबी म्हणजे डॉलर. आंध्रच्या नेल्लोर आणि गोदावरी जिल्ह्यांत, तमिळनाडूच्या नागपट्टिणमच्या पट्ट्यात भाताची शेतं तळी होऊ लागली. मोठ्या कंपन्या उतरल्या, आणि छोटे शेतकरीही एकर-दोन एकर खणून उतरले. चार-पाच महिन्यांत एक पीक, आणि एका पिकाचा पैसा भाताच्या कित्येक हंगामांएवढा. कोण थांबणार?

नेल्लोरची कंडलेरू खाडी डोळ्यासमोर आणा. दोन्ही काठांना तळीच तळी. सगळ्यांचे पंप त्याच खाडीतून पाणी घेतात आणि सगळ्यांचं घाण पाणी त्याच खाडीत जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर शेकडो मशीन एकाच नेटवर्कवर, मध्ये फायरवॉल नाही आणि कोणाला व्हायरस लागला तर बाकीच्यांना अलर्टही जात नाही.

दुसरी कमजोर बाजू होती आईची. टायगर कोळंबीची माता तेव्हा समुद्रातूनच पकडून आणावी लागे. ट्रॉलरने पकडलेली अंड्यांवरची मादी हॅचरीला विकली जायची, आणि एका मादीपासून लाखो पिल्लं. तीच मादी विषाणू घेऊन आली असेल तर? एका हॅचरीतून तो शेकडो तळ्यांत वाटला जाणार. तपासणी नव्हतीच. पिल्लं डोळ्यांनी बघायची, पाण्यात गोल फिरवून कोण प्रवाहाविरुद्ध पोहतं ते बघायचं, आणि विकत घ्यायची.

१९९४ च्या अखेरीस व्हाइट स्पॉट आला आणि खाडीच्या खाडी रिकामी झाली. घाबरलेल्या शेतकऱ्याने काय केलं? दोन गोष्टी. एक, अँटिबायोटिक ओतलं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आपण सर्दी झाल्यावर डॉक्टरांकडून ऐकतो. तिथे दुकानदारच डॉक्टर होता. या सवयीचं बिल पुढे आलं. २००१-०२ मध्ये युरोपला आशियाई कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानचे अंश सापडले आणि माल अडकू लागला. भारतीय मालाच्या तपासण्या युरोपात आजही कडक आहेत, त्याची मुळं त्या सवयीत आहेत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. मेलेलं तळं त्याने उघडलं आणि पाणी खाडीत सोडून दिलं. पुन्हा लवकर पीक घ्यायचं होतं, डोक्यावर व्याज होतं. एकट्याचा हिशेब लावला तर त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. पण त्याच पाण्यावर खालच्या अंगाला शेजाऱ्याचा पंप सुरू होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे आजाऱ्याबरोबर निरोगीही मेलं.

कोर्टात गेलेली खाडी

या सगळ्यात एक माणूस असा होता ज्याचं कोळंबीत काहीच गुंतलेलं नव्हतं. तो म्हणजे तळ्याशेजारचा भूमिहीन शेतमजूर. तळं म्हणजे खारं पाणी. ते मुरतं, विहिरीत उतरतं, शेजारच्या भाताला मारतं. भाताला मजूर लागतात, तळ्याला मोजकेच. कोळीवाड्याचा समुद्राकडचा रस्ताही तळ्यांनी अडतो.

तमिळनाडूत एस. जगन्नाथन आणि कृष्णम्माल जगन्नाथन हे सर्वोदयी जोडपं भूमिहीनांना जमीन मिळवून देण्यासाठी अनेक वर्षं झटत होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच पट्ट्यात कोळंबी तळी आली. सत्याग्रह झाले, आणि १९९४ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. इथे एक आपल्याकडचा धागा आहे. कोर्टाने किनाऱ्याची पाहणी करायला पाठवलं ते नागपूरच्या नीरीला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला. नीरीच्या अहवालाचा निष्कर्ष होता की या शेतीने होणारं पर्यावरणाचं आणि समाजाचं नुकसान तिच्या कमाईपेक्षा जास्त आहे.

११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि एस. सगीर अहमद यांनी निकाल दिला. किनारी नियमन क्षेत्रातली कोळंबी तळी ३१ मार्च १९९७ पर्यंत काढून टाका. पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धतीला सूट. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यायची, आणि काम गेलेल्या कामगारांना सहा वर्षांची मजुरी. या धंद्यावर लक्ष ठेवायला वेगळं प्राधिकरण हवं, हेही सांगितलं. ते १९९७ मध्ये आलं. पुढे फेरविचार याचिका झाल्या, पाडकाम थांबलं, आणि २००५ मध्ये संसदेने किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायदा करून या शेतीला नोंदणीच्या आणि नियमांच्या चौकटीत बसवलं.

या निकालाला कोणी विजय म्हणतं, कोणी अर्धवट लढाई. जगन्नाथन दांपत्याला २००८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, तळीही राहिली. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तळ्यातलं पाणी ही खासगी बाब नाही, हे या खटल्याने पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. मजूर जे कोर्टात म्हणत होते, तेच विषाणू तळ्यात म्हणत होता: तुमच्या बांधाशी तुमची जबाबदारी संपत नाही.

मोगलतुरूचे क्लब

आता गोष्ट वळते. २००० मध्ये सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एम्पेडा, आणि आशियाई देशांची नाका ही संस्था यांनी आंध्रमध्ये एक अभ्यास सुरू केला. पद्धत साथरोगशास्त्राची. शेकडो तळ्यांची नोंद ठेवायची आणि शोधायचं की कुठे रोग आला, कुठे नाही, आणि दोघांत फरक काय होता. थोडक्यात, डिबगिंग. अंदाज बाजूला, लॉग वाचा.

जे निघालं ते फार भपकेबाज नव्हतं. मागच्या पिकाचा काळा गाळ तळाशी राहिलेल्या तळ्यात रोग जास्त. तपासलेलं बीज घातलं तर धोका कमी. बारीक जाळीतून पाणी गाळून घेतलं तर वाहक जीव आत येत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत बाहेरचं पाणी कमी घ्या. शेजारी वेगवेगळ्या वेळी बीज सोडत असतील तर रोगाला कायम कोणीतरी कोवळं मिळत राहतं.

यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं एकटा शेतकरी करू शकतो. शेवटचं मात्र एकट्याच्या हातात नाही. म्हणून पश्चिम गोदावरी जिल्ह्यात मोगलतुरू या गावी, हो, तेलुगू स्टार चिरंजीवीचं जन्मगाव तेच, २००२ मध्ये मोजक्या शेतकऱ्यांना एकत्र आणून प्रयोग झाला. एकाच खाडीचं पाणी वापरणाऱ्यांचा एक गट. त्याला नाव दिलं अ‍ॅक्वा क्लब.

क्लब काय करायचा? सगळ्यांनी एकाच काळात तळी सुकवायची, भेगा पडेपर्यंत. गाळ काढायचा, नांगरायचं, चुना टाकायचा. सगळ्यांनी मिळून एकाच हॅचरीला आगाऊ ऑर्डर द्यायची. एकट्या शेतकऱ्याला हॅचरीवाला विचारत नाही, पण गटाची ऑर्डर मोठी असते, त्यामुळे ‘आधी पीसीआर दाखव’ म्हणायची ताकद येते. हो, तोच पीसीआर, जो २०२० मध्ये आपल्या घराघरात पोचला. व्हाइट स्पॉट ओळखणारी पीसीआर चाचणी तैवानच्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच तयार केली होती. ‘तुझा रिपोर्ट काय आला’ हा प्रश्न आंध्रचे कोळंबीवाले आपल्या कितीतरी आधीपासून विचारत होते.

मग सगळ्यांनी काही दिवसांच्या अंतरात बीज सोडायचं. आणि सगळ्यात अवघड नियम: कोणाच्या तळ्यात रोग आला तर लपवायचं नाही. लगेच सांगायचं, पाणी खाडीत सोडायचं नाही, ब्लीचिंग पावडर टाकून विषाणू मारायचा आणि मगच उघडायचं. बाकीच्यांनी तेवढे दिवस पंप बंद ठेवायचे.

जरा विचार करा, रोग झाल्याचं सांगणं म्हणजे काय. सावकाराला कळतं, खाद्याचा दुकानदार उधारी बंद करतो, व्यापारी भाव पाडतो. तरीही सांगायचं, कारण उद्या शेजाऱ्याने नाही सांगितलं तर आपण मरणार. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण भाषणात ऐकतो. इथे ती उत्पादन व्यवस्थापनाची पद्धत झाली. रोग येणं बंद झालं नाही, पण कमी झालं, आणि आला तरी सगळ्यांना घेऊन गेला नाही. चार-पाच वर्षांत हे क्लब पाच राज्यांत पसरले आणि २००७ मध्ये याच कामासाठी नॅक्सा नावाची वेगळी संस्था उभी राहिली. ज्यांच्याकडे दोन-चार एकर आहे, त्या छोट्यांसाठी.

नवी कोळंबी, जुना पेच

पण टायगरच्या आईचा प्रश्न सुटला नव्हता. ती अजून समुद्रातूनच येत होती. त्यावर उत्तर आलं दुसऱ्या महासागरातून. व्हेनामी कोळंबी, मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. तीही काही सुखात नव्हती. १९९२ मध्ये इक्वेडोरच्या ताउरा नदीकाठी तिच्यावर रोग आला तेव्हा आधी ठपका ठेवला गेला केळीच्या बागांतल्या बुरशीनाशकांवर; काही वर्षांनी सिद्ध झालं की तोही विषाणूच होता.

पण व्हेनामीचा एक मोठा गुण होता. तिला पिढ्यानपिढ्या बंदिस्त जागेत वाढवता येतं. अमेरिकेत, विशेषतः हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये, ठरावीक रोगांपासून मुक्त असा तिचा वंश तयार झाला. याला एसपीएफ म्हणतात. या शब्दाने बरेच जण फसतात. एसपीएफ म्हणजे रोगाला दाद न देणारी कोळंबी नव्हे. ती फक्त स्वच्छ घरातून आलीये. नवा फोन व्हायरसशिवाय मिळतो, तसं. पुढे तुम्ही त्यात काय डाउनलोड करता, ते तुमच्यावर.

भारताने घाई केली नाही. २००३ पासून मर्यादित चाचण्या झाल्या, धोक्याचा अभ्यास झाला, आणि २००९ मध्ये व्हेनामीला रीतसर परवानगी मिळाली. अट अशी की परदेशातून आलेली प्रत्येक माता-कोळंबी आधी चेन्नईच्या नीलांकरै इथल्या क्वारंटाइन केंद्रात राहणार, तपासली जाणार, मगच हॅचरीत जाणार. सोडायच्या पिल्लांनाही मर्यादा: चौरस मीटरला जास्तीत जास्त ६०. म्हणजे हेक्टरला सहा लाख.

शिस्तीचं फळ दिसलं. नेमका त्याच काळात शेजारी अडचणीत होता. २००९ मध्ये चीनमध्ये सुरू झालेला ईएमएस हा रोग व्हिएतनाम, मलेशिया करत २०१२ मध्ये थायलंडला पोचला. बीज सोडल्यावर महिन्याभरातच तळी मरायची. २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर आणि त्यांचे व्हिएतनामी विद्यार्थी लोक ट्रॅन यांच्या प्रयोगशाळेने गुन्हेगार शोधला. या वेळी विषाणू नव्हता, साधा व्हिब्रिओ जिवाणू होता, पण त्याने विषाचं एक जनुक-पॅकेट उचललं होतं. ते पॅकेट एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, पेनड्राइव्हसारखं. थायलंडचं उत्पादन दोन वर्षांत निम्म्यावर आलं, आणि अमेरिकेच्या बाजारात पहिल्या नंबरवर भारत गेला.

मंडळी, ही कथा ओळखीची वाटते ना? तैवान बुडाला तेव्हा बाकीच्यांनी हेच केलं होतं. एकाचं दिवाळं, दुसऱ्याची दिवाळी. आणि मग दुसऱ्याची पाळी. आपल्याकडे ती आली ईएचपी नावाने. ही एक सूक्ष्म बुरशीसदृश परजीवी. थायलंडमध्ये तिला २००९ मध्ये नाव मिळालं, आणि २०१५ च्या पुढे आंध्रच्या तळ्यांत ती सर्रास दिसू लागली. ती मारत नाही. कोळंबी खाते, पण वाढत नाही. खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग खाद्याचा असतो, म्हणजे शेतकरी रोज पैसे पाण्यात टाकतो आणि शंभर दिवसांनी हाताला लागते बोटाएवढी कोळंबी. तिचे बीजाणू चिवट असतात, तळाच्या मातीत टिकतात. उपाय पुन्हा तोच, कंटाळवाणा: तळ सुकवा, भरपूर कळीचा चुना टाका, बीज तपासा, गाळ साठू देऊ नका.

आणि हे गरीब देशांचं दुखणं आहे असं समजू नका. डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या लोगन नदीकाठी, व्हाइट स्पॉट आला. पैसा होता, प्रयोगशाळा होत्या, कडक आयात-नियम होते. तरी एकाच नदीचं पाणी घेणारी फार्म एकामागून एक गेली, आणि तळी क्लोरीन टाकून मारावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी कच्च्या कोळंबीची आयातच थांबवली.

रोजच्या रोज

मग आज तळ्यावर रोगप्रतिबंध म्हणजे नेमकं काय? बांधाभोवती खेकडे अडवणारी जाळी. वर दोऱ्यांची जाळी, कारण कावळा एका तळ्यातली मेलेली कोळंबी उचलतो आणि दुसऱ्यात टाकतो. दारात पाय आणि हात धुवायची सोय. प्रत्येक तळ्याची जाळी-बादली वेगळी. पाणी आधी साठवण तळ्यात घ्यायचं, ब्लीचिंग पावडर टाकून मुरू द्यायचं, मग आत. खाद्य टाकल्यावर चेक ट्रे उचलून बघायचा. उरलं असेल तर पुढच्या वेळी कमी, कारण उरलेलं खाद्य कुजतं आणि तळाशी अमोनिया होतो. पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो, म्हणून रात्रभर एरेटर चालू आणि वीज गेली तर जनरेटर तयार. सोडायचं पाणी आधी वेगळ्या तळ्यात निवळायचं.

यात एकही चमत्कार नाही. सगळी हजेरी आहे. रोज, शंभर-एकशेवीस दिवस.

शेवटी एक गोष्ट घराजवळची. सुप्रीम कोर्टाने पारंपरिक पद्धतीला सूट दिली होती. केरळची पोक्काली शेतं, बंगालची भेरी आणि आपल्या गोव्यातली खाजणं ही त्याची उदाहरणं. खाजणात भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं मानशीतून आत येतात, मोठी होतात, ओहोटीला जाळं लावून धरली जातात. पीक थोडं, दाटी नाही, खाद्याची पोती नाहीत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाजणाचा बांध कधीच एकट्याचा नव्हता. बांध फुटला तर सगळ्यांचं शेत खारं होणार, म्हणून तो सांभाळायची जबाबदारी गावकीची. आज देशाला लागणारी कोळंबी खाजणांतून निघणार नाही, हे उघड आहे. पण मोगलतुरूच्या क्लबने नव्याने लिहिलेला नियम खाजणाच्या बांधावर कितीतरी आधीपासून होता.

तर, कोळंबीला लस का नसते? कारण तिच्या शरीराला आठवण ठेवता येत नाही. म्हणून आठवण आपल्याला ठेवावी लागते. तैवानची, चीनची, कंडलेरूची, लोगनची. आणि ती एका शेतकऱ्याने ठेवून भागत नाही, पूर्ण खाडीने ठेवावी लागते.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात कोळंबीची तळी असतील, तर हा भाग त्यांना ऐकवा. आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही. भेटू पुढच्या भागात!